आधीची मोजणी

अण्णांच्या कपाटात, जुन्या शेतसाऱ्याच्या पावत्यांच्या गठ्ठ्यावर, एक लांबट वही असते. खाकी पुठ्ठ्याची. भूमी अभिलेख खात्यात त्यांनी छत्तीस वर्षं मोजणी केली, सातारा जिल्ह्यातल्या डोंगरउतारावरच्या शेतांपासून नदीकाठच्या मळईपर्यंत. हातात पेन्सिल आली की आजही ते आधी रकाने आखतात, मग लिहितात. या वहीत चार रकाने आहेत : तारीख, डोळा, आधीची मोजणी, आताची मोजणी. पहिल्या ओळीत ‘उजवा’ असं लिहून शेवटच्या रकान्यात ४१२ हा आकडा आहे. त्याच्या अलीकडच्या रकान्यात नुसती आडवी रेघ.

त्या रेघेचा अर्थ, जुनं रेकॉर्ड मिळालं नाही. मला सांगायचंय ते त्या रेघेचं.

अण्णांना साखर निघाली तेव्हा ते एकोणपन्नास वर्षांचे होते. आता एकाहत्तर. मधल्या बावीस वर्षांत त्यांनी चहात साखर घेतली नाही, सकाळचं चालणं बुडवलं नाही, गेली सहा वर्षं इन्सुलिनची सुई स्वतःच्या हाताने टोचून घेतली. तरीही बावीस वर्षं ती बावीस वर्षंच. साखर बारीक रक्तवाहिन्यांना आतून पोखरत राहते, मूत्रपिंडात तशी डोळ्याच्या पडद्यातही. आम्हाला हे ठाऊक होतं. वेळेवर आठवलं मात्र नाही.

मोतीबिंदूची चाहूल लागून तीन वर्षं झाली होती. एसटीची पाटी गाडी अगदी पुढ्यात आल्याशिवाय वाचता येईना. रात्री समोरून गाडी आली की दिव्याभोवती पिंजारलेल्या कापसासारखं काहीतरी दिसायचं. साखर असलेल्यांना मोतीबिंदू लवकर गाठतो. भिंगात शिरलेल्या जादा साखरेपासून तिथे एक पदार्थ तयार होतो, तो पाणी ओढून घेतो आणि भिंगाची काच गढूळ व्हायला लागते, हे त्याचं एक कारण. पण आमच्याकडे जो तो एकच सांगायचा, पिकू द्या, मग काढा. आजीच्या वेळी हे खरं होतं. तेव्हा मोठा छेद देऊन अख्खं कडक भिंग बाहेर काढत, पंधरवडाभर मान न हलवता पडून राहावं लागे. १९६७ साली अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंग आतल्या आत फोडून शोषून घ्यायची पद्धत आणली, तिलाच आपण आज फेको म्हणतो. या पद्धतीत पिकलेला, कडक झालेला मोतीबिंदू उलट जास्त त्रासाचा. तो फोडायला जास्त ऊर्जा लागते आणि जितकी जास्त ऊर्जा, तितका डोळा आतून जास्त चिडतो. पद्धत बदलून पन्नास वर्षं उलटली, पण ‘पिकू द्या’ हा शब्द काही आपल्या तोंडातून गेला नाही. आमच्या घरातूनही गेला नव्हता.

ऑपरेशन ठरलं तेव्हा हॉस्पिटलमधल्या समुपदेशक मुलीसमोर मी आणि माझा भाऊ तासभर बसलो होतो. तिच्यापुढे भिंगांचा तक्ता होता. भारतीय, परदेशी, घडीचं, एका अंतराचं, अनेक अंतरांचं. प्रत्येकापुढे किंमत. आम्ही खोलात जाऊन विचारलं, फोनवर मेव्हण्यांचा सल्ला घेतला, वडिलांसाठी हात आखडता घ्यायचा नाही असं ठरवलं. तिने विचारलं, “शुगर?” मी म्हटलं, “आहे, पण कंट्रोलमध्ये आहे.” तिने तेवढंच लिहून घेतलं. फिटनेससाठी रक्त तपासलं, ईसीजी काढला. तासभर आम्ही डोळ्याच्या पुढच्या भिंगाबद्दल बोललो. मागच्या पडद्याबद्दल ना त्यांनी एक शब्द काढला, ना आम्ही.

ऑपरेशन वीस मिनिटांत झालं. टाका नाही, पट्टी नाही, काळा चष्मा लावून अण्णा चालत बाहेर आले. दुसऱ्या दिवशी घराच्या ओट्यावर उभं राहून ते दाराकडे बघत राहिले. “हे दार निळं आहे?” सहा वर्षांपूर्वी तो रंग त्यांनीच पसंत केला होता. पिवळट झालेल्या भिंगातून त्यांना इतके दिवस ते राखाडीच दिसत होतं. त्या दिवशी ते घरभर फिरले. आईची इरकली, पेल्यावरचं नाव, तुळशीच्या मंजिऱ्या, सगळं बघून झालं. कालनिर्णयवरची बारीक अक्षरं खुर्चीत बसल्या जागेवरून वाचून दाखवली. आईने देवापुढे साखर ठेवली आणि त्यातली चिमूटभर त्यांच्या हातावर घातली, बावीस वर्षांत पहिल्यांदा.

पुढचं पाचव्या आठवड्यात झालं, आणि मला ते सातव्यात कळलं.

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी आसपासच्या गावातली माणसं मोजणीचे नकाशे घेऊन अण्णांकडे येतात. कुणाच्या बांधाचा वाद असतो, कुणाला ‘क’ प्रत समजत नसते. असाच एक शेतकरी नकाशा घेऊन आला होता. अण्णांनी तो पलंगावर पसरला, जुन्या मोजणीच्या टिपणाशी ताडून बघितला आणि म्हणाले, “तुमच्या पूर्वेच्या हद्दीत हा फुगवटा कसा आला? मूळ टिपणात इथे सरळ ओळ आहे.” शेतकऱ्याने वाकून बघितलं. “अण्णा, सरळच हाय की.” अण्णांनी पट्टी मागवली. पट्टी ओळीवर ठेवली, तर पट्टीसुद्धा त्याच जागी फुगलेली. मग त्यांनी उजवा डोळा झाकला. ओळ सरळ. डावा झाकला. मधोमध एक धुरकट ठिपका आणि त्याच्या अंगाने ओळ वाकून गेलेली, ओढ्याला वळसा घालून पायवाट जावी तशी.

त्यांनी नकाशाची घडी घातली, शेतकऱ्याला चहा दिला, उद्या या म्हणाले. आणि पंधरा दिवस कुणालाच काही बोलले नाहीत. आईलाही नाही. आयुष्यभर ज्या माणसाने दुसऱ्यांच्या रेषा सरळ आहेत की वाकड्या हे ठरवलं, त्याला स्वतःच्या डोळ्यातली रेषा वाकलीय हे सांगणं किती जड गेलं असेल. मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, “मला वाटलं, माझाच हात चुकतोय.”

ऑपरेशन केलं त्या हॉस्पिटलमध्ये सांगितलं, चष्म्याचा नंबर अजून बसला नाही, महिनाभर थांबा. आम्ही थांबलो नाही, एवढं एकच त्या वेळी आमच्या हातून बरोबर झालं. आठव्या आठवड्यात अण्णांना पुण्यात पडद्याच्या डॉक्टरकडे नेलं.

तिथला बाहेरचा हॉल मी विसरणार नाही. बाहुली मोठी करायचे थेंब घातलेली पंचवीस-तीस माणसं डोळे मिटून ओळीने बसलेली. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, “मोत्याचं की पडद्याचं?” मी म्हटलं, “मोत्याचं झालंय, आता पडद्याचं निघालंय.” त्यांनी नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. “आमचंबी तसंच. साखर हाय ना.” त्यांना ते कुणी समजावून सांगितलं असेल असं वाटत नाही, अनुभवाने उमगलेलं होतं. मला पदवीधर असून उमगलं नव्हतं.

ओसीटीच्या, म्हणजे प्रकाशाने पडद्याचे थर मोजणाऱ्या यंत्रासमोर हनुवटी टेकवून अण्णा निळ्या खुणेकडे बघत बसले. डोळ्याला कशाचा स्पर्शसुद्धा नाही. पोटाच्या सोनोग्राफीत आवाजाचा प्रतिध्वनी मोजतात, इथे प्रकाशाचा परत येणारा किरण मोजतात. १९९१ साली अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या जेम्स फुजिमोटो, डेव्हिड हुआंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र जगापुढे मांडलं. त्याआधी पडद्याला सूज आहे की नाही हे डॉक्टरांनी आत डोकावून नजरेने ठरवायचं. आता पडद्याचा उभा काप यंत्राच्या स्क्रीनवर दिसतो, विहीर खणताना मातीचे थर दिसावेत तसा.

डॉक्टर मॅडमनी आधी डाव्या डोळ्याचं चित्र दाखवलं. करड्या, पांढुरक्या, काळ्या पट्ट्या एकावर एक आणि बरोबर मध्ये एक उथळ खोलगा. गालावर खळी पडते तसा. आपण वाचतो, माणूस ओळखतो, सुईत दोरा ओवतो ते सगळं या खळीच्या जिवावर. आजूबाजूच्या पडद्यापेक्षा इथे तो पातळ, कारण वरचे थर बाजूला सरकून प्रकाशाला वाट करून देतात. मग त्यांनी उजवा डोळा लावला. खळीच्या जागी टेकडी होती आणि टेकडीच्या पोटात काळी पोकळ घरं. “काका, हे पाणी आहे. पडद्याच्या मध्यावर सूज आहे. इथे आकडा बघा, ४१२. डावीकडे २६८.”

अण्णा पुढे वाकले. “मॅडम, हे कुठल्या खुणेपासून कुठल्या खुणेपर्यंत मोजलंय?”

मॅडम क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग खुर्ची ओढून नीट बसल्या. बाहेर इतकी माणसं ताटकळलेली असताना त्यांनी या एका प्रश्नाला दहा मिनिटं दिली, त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. वरची हद्द म्हणजे पडद्याचा सर्वांत आतला पापुद्रा, यात कुणाचं दुमत नाही. खालची हद्द मात्र प्रत्येक कंपनीचं यंत्र वेगळ्या थरावर धरतं. सुरुवातीची यंत्रं खालून जरा वरच्याच एका थराशी थांबत, नंतरची आणखी खाली जातात. त्यामुळे तोच निरोगी डोळा जुन्या यंत्रावर दोनशेच्या आसपास येतो आणि नव्यावर अडीचशेच्या पुढे. मध्याभोवतीच्या एक मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळातल्या जाडीची ही सरासरी असते. आकडा मायक्रॉनमध्ये, हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. साध्या कागदाची जाडी शंभरच्या आसपास भरते. म्हणजे जेमतेम दीड कागद जाडीची सूज, आणि माणसाला बांध वाकलेला दिसतो.

“म्हणजे दरवेळी एकाच यंत्रावर मोजायला हवं,” अण्णा म्हणाले. “आणि ऑपरेशनच्या आधीचा आकडा?”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी फाइल उलटीपालटी केली. ईसीजी होता, रक्ताचे रिपोर्ट होते, भिंगाच्या डब्यावरचं स्टिकर होतं. तो आकडा नव्हता.

अण्णांचं सगळं आयुष्य तेहतीस फुटी साखळीने मोजण्यात गेलं. साखळीचे सोळा आणे, साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. बांध सरकल्याची तक्रार आली की ते आधी शेतावर जात नसत, आधी कचेरीतलं मूळ टिपण काढत. जुनी मोजणी हाताशी नसेल तर बांध सरकला की मुळातच तिथे होता, हे कुणी कसं सांगावं? नेमका तोच प्रश्न आता त्यांच्या उजव्या डोळ्याचा होता. ही सूज ऑपरेशनमुळे आली, की साखरेमुळे आधीपासून थोडी होतीच आणि मोतीबिंदूच्या धुक्याआड झाकलेली राहिली? दोन्ही सुजांचे उपाय पुष्कळसे सारखे, पण वागणं वेगळं. पहिली बहुधा महिन्यांत ओसरते, दुसरी चिकाटीने पुन्हा पुन्हा येते.

नीट कळावं म्हणून हाताच्या शिरेतून पिवळा रंग सोडून पडद्याचे फोटो काढले. दिवसभर लघवी झेंडूच्या रंगाची होईल, घाबरू नका, असं नर्सने आधीच सांगितलं होतं, तरी आई घाबरलीच. त्या फोटोत मधल्या खळीभोवती रंग पाकळ्या-पाकळ्यांनी पाझरलेला दिसत होता, आणि इकडेतिकडे टाचणीच्या टोकाएवढे फुगवटे होते. पाकळ्या ऑपरेशनच्या, फुगवटे साखरेचे. “दोघांचाही हात आहे,” मॅडम म्हणाल्या.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर अशी सूज येते हे डॉक्टरांना काही नवं नाही. अमेरिकेतले अर्विन यांनी १९५३ साली ती नोंदवली, १९६६ साली गॅस आणि नॉर्टन यांनी याच पिवळ्या रंगाच्या तपासणीने ती पाकळ्यांची नक्षी दाखवली. आजही तिला अर्विन-गॅस असंच म्हणतात. भिंग काढताना डोळ्याच्या पुढच्या भागात दाह होतो, त्यातून प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायनं सुटतात, ती झिरपत मागे पडद्यापर्यंत पोचतात आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांचे सांधे सैल करतात. साखर नसलेल्या माणसाच्याही पडद्याची जाडी ऑपरेशननंतर थोडी वाढते, सहसा चौथ्या ते सहाव्या आठवड्यात सर्वांत जास्त. त्याला पत्ताही लागत नाही आणि ती आपोआप उतरते. ज्याला साखर आहे त्याच्या रक्तवाहिन्या आधीच कमकुवत झालेल्या असतात. अण्णांच्याच शब्दांत सांगते, खेकड्यांनी पोखरलेला बांध एरवी उभा दिसतो, पाटाला जादा पाणी आलं की कुठून कुठून पोखरलाय ते कळतं.

हे किती जणांचं होतं? ब्रिटनमधल्या ८१,९८४ डोळ्यांच्या नोंदी तपासून २०१६ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. साखर नाही, इतर जोखीम नाही, ऑपरेशनही सुरळीत झालं, अशा डोळ्यांत सूज आली १.१७ टक्क्यांना. मधुमेहींमध्ये ४.०४ टक्क्यांना. त्यातही पडद्यावर साखरेच्या खुणा आधीच असतील तर जोखीम साखर नसलेल्यांच्या सहा पटींहून जास्त. शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक मधुमेहींना ही सूज येत नाही, हे मी मुद्दाम लिहिते, कारण हे वाचून कुणी ऑपरेशन टाळलं तर मला ते सहन होणार नाही. पण उरलेल्या चारांत आपलं माणूस असतं तेव्हा टक्केवारीचा काही आधार वाटत नाही.

राग मला आला. त्या हॉस्पिटलचा आला, कारण बावीस वर्षांची साखर समोर बसलेली असताना पाच मिनिटांची ही तपासणी व्हायला हवी होती, असं मी आजही म्हणेन. पण मॅडमनी एक गोष्ट सांगितली, तिने मी जास्त अस्वस्थ झाले. मोतीबिंदू फार दाट झाला की ओसीटीचा किरणही त्यातून नीट आरपार जात नाही, चित्र अंधूक येतं, आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू आम्ही तीन वर्षं ‘पिकू’ दिला होता. मोजायची वेळ ती तीन वर्षं होती, आणि ती आम्ही दवडली. मधुमेह्याने दरवर्षी पडदा तपासून घ्यायचा असतो. अण्णा दर तीन महिन्यांनी साखर तपासत होते, डोळ्याची बाहुली मोठी करून आत मात्र कुणीच डोकावलं नव्हतं.

आधी थेंब दिले. एक स्टेरॉइडचे, दुसरे नेपाफेनॅकचे, म्हणजे स्टेरॉइड नसलेलं सूज उतरवणारं औषध. दिवसातून इतक्यांदा की आईने स्वयंपाकघरात गजर लावले. सहा आठवड्यांनी ३६५. मॅडमना आणखी उतार अपेक्षित होता. मग डोळ्यात इंजेक्शन.

हे दोन शब्द कुणापुढे उच्चारून बघा, ऐकणारा आपसूक डोळा मिटतो. प्रत्यक्षात भूल देणारे थेंब घालतात, पिवळट औषधाने डोळा धुतात, पापण्या चिमट्याने उघड्या धरतात आणि बुबुळाच्या बाजूला, पांढऱ्या भागातून, अगदी बारीक सुईने औषध आत सोडतात. रक्तवाहिन्या पाझरायला लावणाऱ्या एका प्रथिनाला ते औषध अडवतं. अण्णा आत असताना आई बाहेर माझा हात धरून बसली होती. तिच्या बोटांचे वळ माझ्या मनगटावर उठले होते. दहा मिनिटांत अण्णा बाहेर आले. “मुंगीसुद्धा याहून जास्त चावते,” एवढंच म्हणाले. महिन्याने ३१८, दुसऱ्या इंजेक्शननंतर २९६, आणि पुढच्या चार महिन्यांत हळूहळू २८१. मधे स्टेरॉइडने डोळ्याचा दाब वाढला म्हणून ते थेंब थांबवावे लागले, तो एक वेगळा घोर. दरवेळी अण्णांनी आकडा वहीत उतरवला. आताची मोजणी पुढच्या खेपेला आधीची होत गेली आणि रकाने भरत गेले. पहिली आडवी रेघ तेवढी तशीच राहिली.

एकदा त्यांनी आलेखाच्या कागदावर चौकोन आखले आणि मधोमध पेन्सिलने ठिपका दिला. स्विस डॉक्टर मार्क आम्सलर यांचा असाच चौकटींचा तक्ता असतो, दहा सेंटिमीटर लांबरुंद, पाच-पाच मिलिमीटरच्या घरांचा. एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि कुठली रेघ वाकते ते सांगायचं. मॅडमनी तो दिला होताच. पण अण्णांना स्वतः आखलेल्या रेघांवरच विश्वास. रोज सकाळी चालून आले की डावा डोळा झाकून बघायचे आणि वाकलेला भाग पेन्सिलने गिरवायचे. ते कागद माझ्याकडे आहेत. पहिल्यांवर मध्ये अंड्याएवढा फुगवटा, मग लिंबाएवढा, मग बोराएवढा. शेवटच्या कागदावर ठिपक्याच्या खाली उजवीकडे एका रेघेला अजून किंचित बाक आहे. तो आता राहणार, असं मॅडमनी सांगितलंय. अण्णांनी त्या रेघेपुढे बारीक अक्षरात लिहिलंय : ‘कायम’.

मग डाव्या डोळ्याचा प्रश्न आला. आई म्हणाली, नको. मलाही वाटत होतं, आहे तेवढ्यावर भागवू. मॅडमनी मात्र स्पष्ट सांगितलं, मोतीबिंदू राहू दिला तर मला पडदाच दिसणार नाही, आणि जो पडदा दिसत नाही त्याच्यावर मी उपचार कसे करू? साखर असलेल्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनने फायदाच होतो. ऑपरेशनने डोळा बिघडतोच, ही भीती बरीचशी जुन्या, मोठ्या छेदाच्या दिवसांतली. फक्त आधी पडदा बघायचा, सूज असेल तर आधी ती उतरवायची, आणि नंतर नजर ठेवायची.

या वेळी आम्ही भिंगाच्या तक्त्यापुढे पाचच मिनिटं बसलो. अनेक अंतरांचं महागडं भिंग मॅडमनीच नको म्हटलं. ते भिंग येणारा प्रकाश वाटून देतं, आणि ज्याचा पडदा आधीच नाजूक आहे त्याला फिक्या-गडदातला फरक कळायला सगळाच प्रकाश हवा असतो. साधं, एका अंतराचं घ्या, वाचायला चष्मा लावा. मागच्या खेपेला ‘वडिलांसाठी सर्वांत भारीतलं’ म्हणून आम्ही किती अडून बसलो होतो ते आठवलं. पैसे पुरले नव्हते म्हणून तेव्हा वाचलो.

मी त्यांना विचारलं, ऑपरेशनपूर्वी महिनाभर साखर एकदम कडक आटोक्यात आणू का? त्यांनी हातानेच थांबवलं. वर्षानुवर्षं चढी राहिलेली साखर झपाट्याने खाली ओढली तर पडदा काही काळ उलट बिघडू शकतो. सावकाश, फिजिशियनला विचारून. अण्णांची साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) साडेसातच्या आसपास होती, ती तशीच राहू दिली. नेपाफेनॅकचे थेंब ऑपरेशनच्या आदल्या दिवसापासूनच सुरू झाले आणि नंतर तीन महिने चालले. पडद्यावर साखरेच्या खुणा असलेल्या रुग्णांवर या थेंबांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला होता. नव्वद दिवसांत सूज आली ती थेंब घेणाऱ्यांपैकी ३.२ टक्क्यांना, औषध नसलेले नुसते थेंब घेणाऱ्यांपैकी १६.७ टक्क्यांना. अण्णांना मी हे वाचून दाखवलं तर त्यांनी विचारलं, किती माणसांवर? अडीचशेच्या वर, म्हटल्यावर मान हलवली.

डाव्या डोळ्याचं पान मी समोर ठेवूनच लिहितेय. ऑपरेशनपूर्वी २६६. आठवड्याने २७१. सहा आठवड्यांनी २८९.

२८९ ऐकलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. तेवीस मायक्रॉन वाढले होते. अण्णा मात्र शांत होते. त्यांनी वही मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि बोट आधीच्या रकान्यावर टेकवलं. मॅडमनी चित्र दाखवलं, खळी जागेवर होती, थोडी भरलेली, पण खळीच. पोटात काळी घरं नव्हती. थेंब चालू ठेवा, सहा आठवड्यांनी या. तो आकडा आला २७३. नुसता २८९ समोर आला असता तर आम्ही काय समजलो असतो, कोण जाणे. २६६ सोबत होता म्हणून तो वाचता आला.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकींचं नाव गावातल्या मोफत मोतीबिंदू शिबिरात लागलं. काकींना अठरा वर्षांची साखर, मुलगा दुबईला. अण्णा वही काखेत मारून त्यांच्यासोबत गेले. अकरा वाजता मला त्यांचा फोन आला, मागे शिबिराचा गलबला, कुणीतरी नंबर पुकारत होतं.

“अगं ताई, इथले डॉक्टर भले आहेत. मी सांगितल्यावर पडदा बघायला तयार झाले. बाहुली मोठी करून आतून बघतो म्हणाले, आणि ओसीटीसाठी सिव्हिलला चिठ्ठी देतायत, मग तारीख लावू म्हणाले. पण ऑपरेशननंतर परत कधी मोजायचं, ते काकींच्या चिठ्ठीवर लिहून घेतो. पहिली मोजणी एका आठवड्याने. मग कितीव्या आठवड्यात?”

“सहाव्या,” मी म्हटलं. “मग बाराव्या.”

“एकाच यंत्रावर.”

“हो, एकाच यंत्रावर.”

“थांब, लिहितो,” ते म्हणाले, आणि फोन चालूच ठेवून काकींना सांगू लागले, “हा पहिला रकाना आधीच्या मोजणीचा, वहिनी. हा भरल्याशिवाय आपण पुढे जायचं नाही.”